खोकल्याचं औषध

मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. तरीही माझी दारू सुटावी म्हणून दौंडच्या चर्चमधल्या एका पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलेली आहे. प्रार्थना उत्तम होती. आवाज खणखणीत, शब्द मोजके, कळकळ अस्सल. मी शिरूरला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे चांगल्या गद्याची मला पारख आहे. फक्त माणूस चुकला होता!

या सगळ्याच्या मुळाशी चहा होता.

आमची रूथ तीन वर्षांची असताना तिनं एका सकाळी माझ्या कपाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "मला." लहान मुलांना चहा द्यावा की नाही, हा प्रश्न आमच्या तालुक्यात वास्तविक कधीच निकालात निघालेला आहे. मूल धड बसायला लागलं की बशीत चहा ओतायचा, त्यात चपातीचा तुकडा बुडवायचा आणि त्याच्या तोंडात सारायचा. त्याला 'पोराला खायला घातलं' असं म्हणतात. आमच्या खाली राहणारे घरमालक आप्पा यांचं तर याबाबतीत काही ऐकूनच घ्यायची तयारी नव्हती.

"सर, च्यानं काय हुतंय? माझ्या तिन्ही पोरांनी बोटभर असल्यापासनं च्या पिलाय. थोरला मार्केट यार्डात हाय. मधला सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर हाय."

"आणि धाकटा?"

"त्यो बी पितोच की च्या!" आप्पा म्हणाले आणि त्यांनी विषय संपवला.

पण मी पडलो वाचणारा माणूस. रूथला सर्दी झाली म्हणून दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा मुलांच्या डॉक्टरांना मी सहज विचारलं. ते म्हणाले, "कशाला देता? भूक मरते, झोप उडते, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दूध-चपाती द्या." डॉक्टर एवढंच बोलले आणि पुढच्या पेशंटकडं वळले. मी मात्र घरी येऊन त्यावर वाचन केलं, मनन केलं आणि रात्रीच्या जेवणाआधी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घोषणा केली: "या घरात रूथला दहा वर्षांची होईपर्यंत चहा मिळणार नाही!"

माझी बायको ज्योत्स्ना लसूण सोलत होती. ती नर्स आहे, त्यामुळे आरोग्यावरची भाषणं तिला नवीन नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "आणि आपण?"

"आपलं काय?"

"आपणही सोडायचा?"

"आपण मोठे आहोत."

"म्हणजे तुम्ही तिच्यासमोर फुर्र फुर्र करून ओढणार आणि पोरीनं दूध पीत बघत बसायचं. छान."

इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. (आपल्यातच राहू द्या.) शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि 'दोन शब्द' या प्रकारांची मी स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल करतो. झाडं लावण्यावर भाषण ठोकून त्याच झाडाला गाडी टेकवून उभी करणारे पाहुणे मी पाहिलेले आहेत. पण स्वयंपाकघरात भाषण करताना माणसाला स्वतःच्या खांद्यावरची शाल दिसत नाही, एवढं खरं.

आता पोरीला सांगायचं काय? माझी आई सांगायची, "चहा पिलास तर काळा पडशील." मी जन्मतःच पडलेलो होतो, त्यामुळे ती धमकी वाया गेली. पण आपल्या मुलीला असलं काही सांगणं मला पटेना. गोरं-काळं तिच्या डोक्यात कशाला भरायचं? शिवाय ते अशास्त्रीय. मी पुरोगामी माणूस. मी शास्त्रशुद्ध थाप मारली.

"बाळा, हे मोठ्यांचं औषध आहे. लहान मुलांनी घ्यायचं नसतं."

"कडू असतं?"

"फार कडू."

"मग तुम्ही पिताना हसता का?"

या प्रश्नाला माझ्या वाचनात उत्तर नव्हतं. पण 'औषध' हा शब्द मात्र चिकटला. महिन्याभरात आमच्या घरातून 'चहा' हद्दपार झाला. "अहो, औषध टाकू का?" "आलं घाल ग औषधात." "औषध उतू गेलं!" रूथनं हे व्रत आमच्यापेक्षा कडक पाळलं. कुणी पाहुण्यानं 'चहा' म्हटलं तर ती त्याला दुरुस्त करायची. "औषध म्हणायचं. मोठ्यांचं." आप्पांना तर ही गंमत इतकी आवडली की ते सकाळी जिन्याखालून आरोळी द्यायचे, "ओ सर! खाली या, औषध घ्या!"

स्टँडसमोरच्या टपरीवर मी मित्रांबरोबर उभा असलो आणि रूथ बरोबर असली तर ती टपरीवाल्याला ऐटीत सांगायची, "बाबांना औषध द्या. मला बिस्कीट." आणि कधी फारच हट्टाला पेटली, तर मी तिला वचन द्यायचो, "तू दहा वर्षांची झालीस ना, की वाढदिवसाला तुलाही औषध देईन. आपण दोघं मिळून घेऊ!"

आता माझ्या सासऱ्यांची ओळख करून देतो, म्हणजे पुढं काय वाढून ठेवलं होतं त्याचा अंदाज येईल.

पप्पा दौंडला रेल्वेत गार्ड होते. (आता त्या हुद्द्याचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालंय. पप्पा म्हणतात, नाव बदललं तरी शिट्टी तीच आहे.) आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं हे जुनं, दारूबंदीची शपथ घेतलेलं घराणं. पप्पांच्या आजोबांनी घेतलेली शपथ पप्पा अजून पाळतात आणि नातवंडांनी पाळावी म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतात. लग्न ठरताना त्यांनी मला पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. एकच विचारलं, "घेत नाही ना?" मी नाही म्हटलं, आणि तेव्हापासून वयानं एवढे मोठे असून ते मला 'सर' म्हणत आले.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी लॉबीत काढली. लॉबी म्हणजे ड्रायव्हर आणि गार्ड ड्यूटीवर चढण्याआधी जिथं सही करतात ती जागा. सही करण्याआधी तिथं एका यंत्रात फुंकावं लागतं. पिऊन आलेला असला की यंत्र ओरडतं. पण पप्पांना यंत्र लागायचं नाही. ते नाकानंच ओळखायचे. एरवी सगळ्यांना नावानं हाक मारणारे पप्पा अशा माणसाला 'मिस्टर' म्हणायचे. "मिस्टर, फुंका!" आणि सापडलेला प्रत्येक माणूस, मग तो मराठी असो, बिहारी असो की मद्रासी, एकच वाक्य बोलायचा: "साहेब, खोकल्याचं औषध घेतलंय."

सगळी नोकरी त्यांनी हे वाक्य ऐकलं. त्यामुळे पप्पांच्या शब्दकोशात 'औषध' या शब्दाला एकच अर्थ उरला होता. स्वतः ते रक्तदाबाची गोळी घेतात, तिला गोळीच म्हणतात.

तर मे महिन्याच्या सुट्टीत चार वर्षांची रूथ आठवडाभर दौंडला आजी-आजोबांकडं राहायला गेली. निघताना ज्योत्स्नानं तिच्या आईला बजावलं, "मम्मी, तिला चहा द्यायचा नाही हं. यांचा नियम आहे." मम्मी म्हणाल्या, "छे ग! आम्ही कशाला देतोय?" पप्पा त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते, हे मला आज आठवतंय.

पुढचा प्रसंग मम्मींनी मला नंतर सांगितला. शनिवारी सकाळी पप्पांनी गोळी तळहातावर घेतली. रूथ शेजारी बसून पाय हलवत होती.

"आजोबा, ही मोठ्यांची गोळी का? आमच्या बाबांचं औषध पातळ असतं."

पप्पांनी मान वळवली. "बाबा औषध घेतात?"

"हो. आजारी नसतात तेव्हापण घेतात."

"कधी?"

"उठल्या उठल्या. कॉलेजातून आल्यावर. पाहुणे आल्यावर. पाऊस आल्यावर तर दोनदा."

"आणि नाही घेतलं तर?"

"डोकं धरून बसतात. आईवर ओरडतात. मग आई म्हणते, घ्या बाई एकदाचं, नाहीतर काही सुधरायचं नाही यांना."

"कुठं घेतात? घरातच?"

"घरात, खाली आप्पांकडं, आणि स्टँडसमोर. तिथं खूप मुलं असतात कॉलेजातली. तीपण घेतात."

मम्मी म्हणतात, इथपर्यंत पप्पा सरळ बसले होते. पुढचा प्रश्न विचारताना त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"आणि तुझी आई?"

"आईला बाबाच देतात, मस्त करून. मग दोघं गॅलरीत बसतात, घेतात आणि हसतात."

"बाळा... तुला देतात का ग?"

"नाही! मी लहान आहे ना. दहाव्या वाढदिवसाला देणार आहेत. बाबांनी प्रॉमिस केलंय."

पप्पांची गोळी तळहातावर तशीच विरघळली.

रविवारी उपासनेत त्यांनी उभं राहून विनंती केली, "एका कुटुंबासाठी प्रार्थना करावी. नाव सांगता येत नाही." मंडळीनं डोळे मिटले. त्या शांततेत बाकावरून एक बारीक आवाज आला, "आजोबा, माझ्या बाबांचं नाव सांगा ना!"

सोमवारी दुपारी मी घरी एकटाच होतो. ज्योत्स्ना हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. मला दोन दिवसांपासून खोकला झालेला, दाढी वाढलेली, रात्रभर झोप नाही म्हणून डोळे लाल, आवाज फाटका. ज्योत्स्नानं जाताना लाल रंगाचं एक सिरप देऊन ठेवलं होतं. ते घेतलं की सगळ्या अंगाला मुंग्या यायच्या आणि जरा तरंगल्यासारखं व्हायचं. मी नुकतंच दोन झाकणं घेऊन लुंगीवर आडवा झालो होतो, तेवढ्यात बेल वाजली. उठलो, स्टुलाला अडखळलो, भिंतीला धरून दार उघडलं.

दारात पप्पा, मम्मी, दौंडचे पाळकसाहेब आणि रूथ! खाली भाड्याची गाडी उभी.

"बाबा!" रूथ ओरडली. "मी आजोबांना औषधाचं सगळं सांगितलं!" आणि आप्पांच्या गाईला वासरू झालं होतं ते बघायला ती उड्या मारत खाली पळाली.

झालं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरीला आपण थापा मारतो, तिला दूध देऊन स्वतः चहा ढोसतो, हे दौंडला कळलेलं दिसतंय. म्हणून सासरे जाब विचारायला आले. सोबत पाळकसाहेबांना आणणं जरा जास्त वाटलं. पण माझे सासरे तत्त्वाचे पक्के, थाप ती थाप.

पप्पांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बसा," ते माझ्याच घरात मला म्हणाले. 'सर' गायब झाला होता.

मी बसलो. मम्मींनी पदर डोळ्यांना लावला. (दौंडची माणसं चहाच्या बाबतीत इतकी हळवी असतात, हे मला नवीन होतं.)

"आम्हाला सगळं कळलंय," पप्पा म्हणाले.

"हो पप्पा." मी मान खाली घातली. "चूक झाली. पोरीसमोर घ्यायला नको होतं."

"म्हणजे खरं आहे?"

"खरं आहे. पण काय करू? सुटत नाही."

पाळकसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "कबुली ही पहिली पायरी आहे. कधीपासून?"

"लहानपणापासून. आईनंच लावली सवय."

"आईनं?" मम्मी दचकल्या.

"बशीत ओतून द्यायची. चपाती बुडवून."

मम्मींनी दोन्ही हात गालांवर घेतले.

"आणि कॉलेजच्या मुलांबरोबरही घेता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"घेतो. खरं म्हणजे परीक्षेनंतर तीच पाजतात. नाही कसं म्हणायचं? पोरं प्रेमानं पाजतात."

"आणि माझ्या ज्योत्स्नाला?" पप्पा म्हणाले. "तिला... तुम्ही?"

"तिला सकाळी पलंगावर नेऊन देतो." हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे अशी माझी समजूत होती, म्हणून मी जरा अभिमानानं सांगितलं. "बायकोची एवढी सेवा करणारा नवरा तुम्हाला शोधून सापडायचा नाही, पप्पा!"

पप्पा उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. पाळकसाहेब उठले, माझ्या मागं आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

चहासाठी प्रार्थना! मला हसू येत होतं, पण मी शहाण्यासारखे डोळे मिटले.

"हे दयाळू पित्या," पाळकसाहेबांनी सुरुवात केली, "हे तुझं लेकरू शिकलेलं आहे, शिकवणारं आहे, तरी वाट चुकलं आहे. सकाळ होताच याचा हात पेल्याकडं जातो. याच्या पत्नीलाही यानं त्या खड्ड्यात ओढलं आहे. प्रभू, त्या निष्पाप पोरीला तिच्या दहाव्या वाढदिवसाच्या संकटातून वाचव. या घरातून दारूची बाटली..."

माझे डोळे टक्कन उघडले.

दारू? "अहो, पण..." मी म्हणायला गेलो आणि नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. मी खोक खोक खोकलो. पप्पा झटकन वळले, पुढं आले, माझ्या तोंडाजवळ वाकले आणि त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

"मिस्टर," पप्पा म्हणाले, "फुंका!"

काय सांगू! त्या एका शब्दानं मी माझ्याच घरातून थेट लॉबीत जाऊन पडलो. मी फुंकलं. सिरपचा गोडसर, झणझणीत भपकारा पप्पांच्या तोंडावर आदळला. माझी भाषा हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लाखो शब्दांतून योग्य तो निवडायला मी पोरांना शिकवतो. आणि त्या क्षणी, सगळं स्पष्ट व्हावं म्हणून, मी जगातलं सर्वांत खरं वाक्य बोललो:

"पप्पा, खोकल्याचं औषध घेतलंय!"

पप्पांनी डोळे मिटले. "सगळे हेच म्हणतात," ते हताशपणे म्हणाले.

"अहो, खरंच खोकल्याचं आहे! बाटली दाखवतो!"

"बाटली दाखवतोय," मम्मी रडत म्हणाल्या.

मी जीव तोडून सांगायला लागलो, की औषध म्हणजे चहा, चहाला आम्ही औषध म्हणतो, म्हणजे रूथसाठी म्हणतो, तिनं पिऊ नये म्हणून म्हणतो. घसा बसलेला, सिरपनं जीभ जड झालेली. मला स्वतःलाच ते पटेना, त्यांना काय पटणार? पाळकसाहेब समजुतीनं मान हलवत होते. पिणारा माणूस आधी कबुली देतो आणि मग बनाव रचतो, हे त्यांनी खूप घरांत पाहिलेलं असणार.

"साक्षीदार आहे!" मी ओरडलो. "आप्पांना विचारा!"

आणि देवानंच पाठवल्यासारखे आप्पा रूथचा हात धरून जिना चढून आले. पायात शेणानं माखलेले बूट, चेहऱ्यावर वासराचा आनंद.

"रामराम, पाव्हणं! कवा आलात?"

पप्पांनी रामराम केला. मग कोर्टातल्या वकिलासारखं विचारलं, "तुम्ही घरमालक ना? मग मला खरं सांगा. आमचे जावई रोज औषध घेतात?"

आप्पा दिलखुलास हसले. आमच्या घरातला खेळ सासऱ्यांनाही माहीत आहे, हे बघून त्यांना गहिवरून आलं असावं.

"व्हय की! रोज! माझ्याच वसरीवर बसून घेत्यात. सकाळी पोटात गेल्याबिगर मानूस जिन्यावरनं सरळ उतरत न्हाई, बघा!"

"आप्पा!" मी किंचाळलो.

"आता लाजताय कशाला, सर? मी बी घेतो, तुमी बी घेता. बाईसाहेब ड्यूटीवरनं आल्या की त्या बी घेत्यात. पाव्हणं, आज तुमी बी घ्या. माझ्याकडं गाईचं ताजं दूध हाय, घट्ट हुतंय!"

पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका उमटली. दारूत दूध? पण पप्पा आता ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. तेवढ्यात ज्योत्स्ना आली. पांढरा युनिफॉर्म, हातात डबा, चेहरा दमलेला.

"अय्या, पप्पा! आधी कळवलं का नाही?"

"ज्योत्स्ना," पप्पा म्हणाले, "बॅग भर. तू आणि रूथ माझ्याबरोबर दौंडला चला. या घरात मी तुम्हाला ठेवत नाही."

ज्योत्स्नानं माझ्याकडं पाहिलं. मी हातवारे केले. ते तिला कळले नाहीत.

"का? काय झालं?"

"एवढंच सांग. तूपण घेतेस का औषध?"

तिच्या चेहऱ्यावर गोंधळ आला आणि मग शेजारी उभ्या रूथकडं बघून तो मावळला. पोरीनं दौंडलाही हा शब्द रुजवला तर! "घेते की," ती चप्पल काढत म्हणाली. "सकाळपासून उभी आहे, पप्पा. आता एक कप घेतल्याशिवाय माझ्यानं बोलवणारसुद्धा नाही. थांबा, आधी सगळ्यांना औषध टाकते, मग सांगा काय ते. पाळकसाहेब, तुम्ही बिनसाखरेचं घेता ना?"

पाळकसाहेब उभे राहिले. मम्मी मटकन बसल्या. मी मात्र कोचावर शांतपणे पाठ टेकली. गॅस पेटल्याचा आवाज आला, खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं तो वास आला. तो वास ओळखू न येणारा माणूस पुणे जिल्ह्यात जन्मलेला नाही.

ज्योत्स्ना ट्रे घेऊन बाहेर आली.

"औषध आलं!" रूथ टाळ्या वाजवत ओरडली.

पाळकसाहेबांनी कपात डोकावून पाहिलं. वास घेतला. एक घोट घेतला. मग पप्पांकडं पाहिलं.

"हे?" ते म्हणाले. "हे औषध?"

"मोठ्यांचं," रूथनं त्यांना समजावलं.

पाळकसाहेब जे हसायला लागले, ते कप खाली ठेवून कोचावर आडवे होईपर्यंत हसले. आप्पांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण तेही हसले. ज्योत्स्नाला सगळं कळलं तेव्हा ती आधी माझ्यावर भडकली आणि मग हसली. पप्पा तेवढे गंभीर होते. त्यांनी कप उचलला, घसा साफ केला आणि म्हणाले, "सर, झालं गेलं विसरून जा. पण लहान पोरीला थापा माराव्यात का? जे आहे त्याला सरळ त्याच्या नावानं हाक मारावी. मी जन्मभर..."

एवढ्यात रूथ त्यांच्या मांडीवर चढली. तिनं कपाकडं नीट निरखून पाहिलं. "आजोबा, हे बाबांचं औषध आहे ना, ते तुमच्या रेल्वेच्या दुधासारखंच दिसतंय!"

पप्पांनी कप घाईघाईनं खाली ठेवला.

"कसलं दूध, बाळा?" मी अत्यंत गोड आवाजात विचारलं.

"रेल्वेचं दूध! दौंडला आजोबा मला रोज देतात. बशीत. आजोबा आधी फुंकतात, मग मी पिते, मग बटर बुडवते. आईला सांगायचं नसतं."

पप्पा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. पण खिडकी आता त्यांच्या कामाला येण्यासारखी राहिली नव्हती.

"ते दुधातच उकळलेलं असतं," ते पुटपुटले. "पावडर नावाला. पोरगी माझ्या ग्लासाकडं अशी बघते की... तुम्हाला नाही कळायचं."

त्यांच्यावर वार करायची ही संधी देवानं मला दिली होती, पण माझा घसा बसलेला. माझं काम मम्मींनी केलं. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला, नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या:

"मिस्टर, आता तुम्ही फुंका!"

मग न्यायनिवाडा पाळकसाहेबांवर सोपवला गेला. मुलांना चहा द्यावा की नाही? त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. डॉक्टरांचं म्हणणं माझ्या तोंडून ऐकलं, बशीचं माहात्म्य आप्पांच्या तोंडून ऐकलं. कप संपवला. दुसरा मागून घेतला, तोही संपवला. (न्यायाधीश किती निःपक्षपाती होते बघा.) आणि म्हणाले, "लेकराला देऊ नये, हे बरोबर. पण लेकराला नाही म्हणायचं आणि तिच्यादेखत आपण घ्यायचं, हेही बरोबर नाही. सर, नियम तुम्ही केलात. तुम्हीच आधी पाळून दाखवा." सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. सर्वांत मोठ्यानं पप्पा म्हणाले.

तर सध्या आमच्या घरात चहा बंद आहे. सकाळी आम्ही तिघं ओळीनं बसून दूध पितो. ज्योत्स्ना हॉस्पिटलात घेते, तिला कुणी विचारत नाही. दौंडला पप्पांनी रेल्वेचं दूध बंद केलंय, असं ते म्हणतात. आणि मी? मी दिलेला शब्द पाळतो. निदान कॉलेज सुटेपर्यंत. त्यानंतर स्टँडसमोर पाय आपोआप थबकतात, आलं ठेचल्याचा वास येतो आणि कुणीतरी विद्यार्थी प्रेमानं म्हणतो, "सर, घ्या ना." पोरं प्रेमानं पाजतात हो, नाही कसं म्हणायचं!

मग मी तोंड खंगाळतो, बडीशेप चावतो आणि घरी येतो. दार रूथ उघडते. मागं हात बांधून उभी राहते, टाचा उंचावते आणि आजोबांच्या आवाजात म्हणते, "मिस्टर, फुंका!"

मी फुंकतो. तिच्या नाकपुड्या फुलतात. आणि मराठीचा हा प्राध्यापक, सगळी शब्दसंपत्ती पाठीशी असताना, मान खाली घालून रोज तेच एक वाक्य बोलतो:

"बाळा, खोकल्याचं औषध घेतलंय."